गोष्टींच्या बैठका: सहा महिन्यांचा हिशेब

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा आम्ही सातजण होतो. आता वेंगुर्ल्याच्या आमच्या स्वतःच्या गोष्टी सांगायच्या बैठकीला चौदा-पंधरा माणसं जमतात, त्यातली सांगायला तयार असतात सहा-सात. बाकीचे चहाला आणि ऐकायला. ऐकणारे नसले तर बैठक कसली, त्यामुळे तक्रार नाही. उन्हाळ्यात खळ्यात, म्हणजे अंगणात, बसत होतो, पाऊस लागल्यापासून पडवीत आलो आहोत. कौलांवर पाऊस वाजायला लागला की सांगणाऱ्याला आवाज चढवावा लागतो, आणि चढ्या आवाजात सांगितलेली हळवी गोष्ट भांडणासारखी वाटते. यावर उपाय अजून सापडलेला नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नियम ‘द मॉथ’ या अमेरिकेतल्या गोष्टी सांगायच्या उपक्रमावरून घेतले आहेत. जॉर्ज डॉज ग्रीन या कादंबरीकाराने १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये तो सुरू केला. मॉथ म्हणजे पतंग. त्याच्या जॉर्जियातल्या ओसरीवर रात्री मित्र गप्पा मारत बसायचे आणि दिव्याभोवती पतंग जमायचे, त्यावरून हे नाव. गोष्ट खरी हवी, स्वतःची हवी, हातात कागद नको, वेळ पाच मिनिटं आणि वर एक मिनिट सवलत. तिथे टोपीतून नावं काढतात, आम्ही बिस्किटांच्या जुन्या डब्यातून काढतो. पाच मिनिटांना झांज हलकी वाजते, सहा झाली की जोरात. तिथे प्रेक्षकांतले परीक्षक गुणही देतात. ते आम्ही पहिल्याच महिन्यात बंद केलं. गाव लहान आहे. ज्याला रात्री कमी गुण दिले, त्याच्याच दुकानात सकाळी साखर आणायला जावं लागतं.

आपल्याकडचं कथाकथन वेगळं, हे मला उशिरा कळलं. माडगूळकर, मिरासदार, शंकर पाटील गावोगाव कथा सांगायचे, त्या आधी लिहिलेल्या असायच्या. इथे लिहिलेलं काही नसतं. आणि सांगणारा कोण, तर माझ्यासारखा, ज्याने उभ्या आयुष्यात सत्यनारायणाच्या निमंत्रणापलीकडे चारचौघांत काही सांगितलेलं नाही.

पहिला विषय होता ‘पाऊस’. पाच जणांची नावं निघाली आणि त्यातल्या चौघांनी तौक्ते वादळ सांगितलं. मीही. मे २०२१, वारा, पडलेले माड, किती दिवस वीज नव्हती, आंब्याचं काय झालं. सगळं खरं, आणि सगळं समोरच्यांना पाठ. झांज वाजायच्या आत मीच कंटाळलो. खाली बसल्यावर शेजारच्या काकी म्हणाल्या, “माड पडलो तां आमी सगळ्यांनी बघलां. तू काय केलंस तां सांग.” मी काय केलं होतं? खाटेवर बसून मोबाइलची बॅटरी किती उरली ते बघत होतो. तेच सांगायला हवं होतं बहुतेक.

तेव्हापासून माझा खरा उद्योग सांगणं नाही, शोधणं आहे. एका रविवारी वही घेऊन बसलो आणि आयुष्यातल्या मोठ्या प्रसंगांची यादी केली. दहावी, नोकरी, लग्न, घराचं कर्ज, वडील गेले. वाचून बघितलं तर स्थळासाठी पाठवायची माहिती वाटत होती, शेवटची ओळ सोडून. आणि त्या ओळीला हात लावायची माझी तयारी नाही. ज्याने अजून रडू येतं, ते पाच मिनिटांत बसवायला जाऊ नये असं माझं मत आहे. बैठकीतल्या काहींना ते पटत नाही.

घरात सगळे शंभरदा सांगतात ते किस्सेही करून बघितले. आजोबा आणि बिबट्या, आत्याच्या लग्नात संपलेला भात. ते इतके गुळगुळीत झालेत की माझं त्यांत काही उरलेलंच नाही. मी नुसता वाहक.

मग वहीचं पान बदलून वर लिहिलं, ‘आजवर कुणाला काय सांगितलं नाही’. अर्ध्या तासात अकरा ओळी झाल्या. त्यातल्या नऊ इथे लिहिण्यासारख्या नाहीत. एक मात्र फडताळातल्या जुन्या कोऱ्या पोस्टकार्डावरून आठवली. त्यावर पंधरा पैसे छापलेले होते.

गोष्ट अशी. मी दहा वर्षांचा असेन. आजीला लिहिता येत नव्हतं, मुंबईच्या काकांना पत्र मी लिहायचो. ती चुलीपुढे बसून सांगायची, मी पाटावर कार्ड ठेवून लिहायचो. त्या दिवशी मी सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत सीझन बॉल मागून घेतला. मग गुरं, पाऊस, कौलं बदलायचा खर्च. शेवटी आजी म्हणाली, “गणपतीक नाय जमला तरी चलात, पण एकदा येवन जा.” कार्ड भरलं होतं. कडेने आडवं लिहिता आलं असतं, तसं लिहायची पद्धतच होती. मी लिहिलं नाही. आजी म्हणाली, “वाच.” मी वाचलं, आणि जी ओळ कार्डावर नव्हती तीही वाचली. तिच्याच सुरात. काकांनी कौलांचे पैसे पाठवले, बॉलही पाठवला. ते आले नाहीत.

पहिल्यांदा सांगितली ती जुलैमध्ये, आणि फसली. वाडीत फोन नव्हता, पोस्टमन कधी यायचा, काका कुठे राहायचे, हे समजावण्यातच तीन मिनिटं गेली. वर शेवटी मी आई-वडिलांच्या मायेबद्दल दोन वाक्यं लावली. कीर्तनात आधी पूर्वरंगात निरूपण, म्हणजे उपदेश, मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे गोष्ट. आम्ही कोकणातली माणसं कीर्तनं ऐकून वाढलेली, त्यामुळे उपदेशाशिवाय गोष्ट उघडीबोडकी वाटते. आमच्यातल्या निम्म्यांना हा रोग आहे.

नंतर दोन ठिकाणची मदत झाली. बैठकीला दशावतारात स्त्रीपार्ट करणारे एक गृहस्थ येतात. त्यांच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रंगपटात कथानक ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या होतात. मी माझी गोष्ट शब्दन् शब्द पाठ केली होती हे ऐकून ते हसले. “वाक्य विसरलं की तुम्ही थांबणार. आम्हाला फक्त माहीत असतं, कुठे जायचंय.” दुसरं म्हणजे कुडाळजवळचं पिंगुळी. चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या तिथल्या चित्रकथीच्या पोथ्या आधीही पाहिल्या होत्या, पण या वेळी सांगणाऱ्याकडे बघत बसलो. एक चित्र समोर धरायचं, त्यातलं सांगून होईपर्यंत पुढचं काढायचं नाही. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांनी अभिमानाचे निरोप पुढे पाठवले होते. शिकायला मात्र आत्ता गेलो.

घरी येऊन गोष्टीची चारच चित्रं ठरवली: पाट आणि कार्ड, बॉलची ओळ, “वाच”, आणि पोस्टमनने आणलेलं पुडकं. फोन नव्हता हे सांगायची गरजच उरली नाही. चुलीपुढे बसून पत्र सांगणारी म्हातारी डोळ्यांसमोर आली की लोक बाकीचं आपोआप जुळवतात. ऑगस्टमध्ये सांगितली तेव्हा सुरुवातच “वाच” पासून केली आणि मायेची वाक्यं कापली. चार मिनिटं वीस सेकंद. पुडक्यातून बॉल निघाला तिथे थांबलो. टाळ्या पडायला थोडा वेळ लागला. काकी काही बोलल्या नाहीत, चहा मात्र मला आधी दिला.

आता अडचण. गणपतीला काका आले होते. पंचाहत्तरी ओलांडली आहे, पण स्मरण पक्कं. त्यांना विचारलं, आजीची पत्रं आठवतात का? म्हणाले, “पत्रं कसली, तुझा बॉल आठवतो. अख्ख्या कार्डात तेवढंच ठळक होतं.” मग स्वतःच म्हणाले, “आई कधी ये म्हणायची नाही रे. मानी होती.” आरतीची वेळ झाली होती, मी टाळ घेऊन उठलो.

म्हणजे गोष्ट पुडक्यापाशी संपत नाही, आणि त्या जादा मिनिटात हे बसणार नाही. शिवाय त्यांना न सांगता त्यांच्यामागे चौदा माणसांना सांगायची का, हाही प्रश्न आहे. आमच्यात यावर नियम नाही. कुणी करून ठेवला असेल तर कळवा. काका दिवाळीनंतर पुन्हा येणार आहेत. तेव्हाच्या बैठकीचा विषय ‘उधारी’ ठरलाय. डब्यात नावाची चिठ्ठी अजून टाकलेली नाही.