तुम्ही विचारलंत म्हणून: छतावरच्या विजेचे आकडे इतरांना कशासाठी द्यायचे?

घरावर सौर पॅनेल बसवलेली माणसे भेटली की मला एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्या रोजच्या निर्मितीचे आकडे तुम्ही दुसऱ्यांना देता आणि त्यांचे मागून घेता, ते कशासाठी? कोणाचा संच सरस, याची ही चढाओढ आहे का?

चढाओढ मुळीच नाही. एकट्या छताचा आलेख वीज किती तयार झाली ते सांगतो. किती तयार व्हायला हवी होती, ते मात्र सांगत नाही. एखाद्या दिवशी १२ ऐवजी ९ युनिट मिळाले, तर ऊन कमी होते की संचात काही बिघडले, हे त्या आकड्याकडे कितीही वेळ पाहत राहिलो तरी कळत नाही. ऊन मोजण्याचे उपकरण घरोघरी नसते. पण दोन किलोमीटरवरच्या छतावर त्या दिवशी जवळजवळ तेच आभाळ होते, आणि म्हणून त्या छताचे आकडे हेच माझे ऊन मोजण्याचे साधन ठरते.

अर्थात नुसते युनिट समोरासमोर ठेवून काही साधत नाही. माझा संच ३ किलोवॉटचा आणि मित्राचा ५ किलोवॉटचा. एकाच दिवशी मला १२ आणि त्याला १८.५ युनिट मिळाले, तर वरवर तो पुढे दिसतो. पण क्षमतेने भागले की मला प्रत्येक किलोवॉटमागे ४ युनिट आणि त्याला ३.७ युनिट मिळालेले असतात. मग त्याची पॅनेल कोणत्या दिशेला आहेत, किती अंशांनी कललेली आहेत, हे विचारावे लागते. शिवाय दोघांनीही आकडा एकाच ठिकाणचा घ्यायला हवा, कारण इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरचे युनिट आणि मीटरवरचे युनिट यांत थोडा फरक पडतोच. पॅनेलवर छापलेली क्षमता तर प्रयोगशाळेतली असते: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस. भर उन्हात पॅनेल याहून कितीतरी अधिक तापते आणि तापले की वीज कमी देते. त्यामुळे छापील आकड्याशी तुलना करून खंत करणाऱ्यांना मी नेहमी शेजारच्या छताकडे वळवतो.

माझ्या स्वतःच्या छतावरचा दोष असाच सापडला. माझ्या आणि त्या मित्राच्या प्रत्येक किलोवॉटमागच्या निर्मितीचे गुणोत्तर मी दर आठवड्याला लिहून ठेवत असे. एका हिवाळ्यात ते नेहमीच्या पातळीवरून हळूहळू उतरत गेले. इन्व्हर्टरवर कोणतीही सूचना नव्हती, आणि हिवाळ्यात निर्मिती घटतेच, असे समजून मी गप्प बसलो असतो. पण हिवाळा त्याच्याकडेही होता. तासागणिक आकडे मांडले तेव्हा तूट फक्त सकाळी ८ ते १० या वेळेत दिसली. त्या वेळी गच्चीवर जाऊन पाहिले, तर कठड्यापलीकडच्या झाडाची वाढलेली फांदी दोन पॅनेलवर सावली टाकत होती. उन्हाळ्यात सूर्य उंचावरून जातो, म्हणून ती सावली तेव्हा पडलीच नव्हती. पॅनेल एकामागे एक जोडलेली असल्यामुळे थोड्याशा सावलीचा फटका तिच्या आकाराच्या मानाने पुष्कळ मोठा बसतो. फांदी छाटली आणि गुणोत्तर पूर्ववत झाले.

तेव्हापासून मी तुटीच्या आकड्यापेक्षा तिचा आकार अधिक बारकाईने पाहतो. रोज ठराविक वेळी पडणारी खाच म्हणजे बहुधा सावली. दिवसभर सारखीच तूट असेल, आठवड्यागणिक वाढत असेल आणि जोराच्या पावसानंतर नाहीशी होत असेल, तर ती धूळ. दुपारी आलेखाचा माथा सपाट कापल्यासारखा दिसला, तर इन्व्हर्टरची कमाल मर्यादा गाठली गेली आहे. आणि ऐन उन्हात निर्मिती एकदम शून्यावर येऊन काही मिनिटांनी परत सुरू होत असेल, तर वीजवाहिनीतला विद्युतदाब (व्होल्टेज) वाढल्यामुळे इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडत असण्याची शक्यता मी आधी तपासतो. हा शेवटचा प्रकार एकाच वाहिनीवरच्या दोन-तीन घरांत एकाच वेळी दिसला, तर पॅनेल बसवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नसतो.

घरोघरच्या आकड्यांचा उपयोग याहून मोठ्या प्रमाणावरही होतो. ब्रिटनमध्ये शेफील्ड विद्यापीठाचा एक गट निवडक संचांच्या नोंदींवरून संपूर्ण देशाच्या सौरनिर्मितीचा दर अर्ध्या तासाचा अंदाज काढतो.

एक पथ्य मात्र मी कटाक्षाने पाळतो. निर्मितीचे आकडे देतो, वापराचे देत नाही. पाच-पाच मिनिटांच्या वापरावरून घरातली माणसे कधी उठतात आणि घर कधी रिकामे असते, हे कोणालाही वाचता येते. निर्मितीवरून फक्त आभाळ आणि छत वाचता येते. म्हणून माझ्याशी तुलना करायची असेल, तर संचाची क्षमता, पॅनेलची दिशा, कल आणि रोजची निर्मिती एवढेच कळवा. घराचा नेमका पत्ता नको. कोणत्या भागात राहता, एवढे पुरते.