हापूसच्या सालीची फिल्म : सहावा घाणा

फिल्म, म्हणजे पुड्या बांधायला खाता येणारा पातळ पापुद्रा, या वेळी अख्खी सुटली! पाच घाण्यांत तुकडेच हाती आले होते.

कॅनिंगच्या दिवसांत इथे रत्नागिरीत सालींचे ढीग लागतात. आंब्याच्या वजनाचा १५ ते २० टक्के भाग साल असते, आणि तिच्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला पदार्थ, भरपूर. एक किलो साली आणल्या, धुतल्या, देठाकडचा चिकाचा भाग काढून टाकला. ज्यांना चिकाने अंगावर उठतं, त्यांना ही फिल्म खायला देऊ नका. उकळल्याने तो दोष जातो असं मी धरत नाही.

साली पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवल्या, नाहीतर काळ्या पडतात. मग दोन लिटर पाणी घालून मिक्सरमधून काढल्या आणि ८५ अंशांवर तासभर शिजवल्या. लिंबूसत फक्त अर्धा चमचा. जास्त घातलं तर पेक्टिन जास्त सुटतं, पण सुकताना सगळा आंबटपणा फिल्ममध्येच गोळा होतो. तिसरा घाणा त्यापायीच फेकला.

ग्लिसरीनचं प्रमाण अंदाजाने घेऊ नका. गाळलेलं १०० ग्रॅम मिश्रण पूर्ण सुकवलं, तर चार ग्रॅम उरलं. म्हणून दर १०० ग्रॅमला १.२ ग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या ३० टक्के ग्लिसरीन घातलं. त्याशिवाय फिल्म पापडासारखी कडकड मोडते, फार झालं की बोटांना चिकटते.

आजी आंब्याची साठं घालताना ताटाला तुपाचा हात लावायची. मीही तेच करत होते. पण साठाचा रस दाट, आपलं मिश्रण पातळ. तुपावरून ते मागे सरतं आणि फिल्मला डोळे, म्हणजे भोकं, पडतात. या वेळी कोरडी अ‍ॅक्रिलिक शीट घेतली, २० बाय ३० सेंटिमीटरवर २५० मिली ओतलं, बुडबुडे विरू दिले, ५० अंशांवर दहा तास. किंचित दमट असतानाच कोपऱ्यातून सोडवली. जाडी ०.१५ मिलिमीटर, उजेडात धरली तर केशरी, आणि वास थेट आढीचा!

मसाला दुधाच्या पुड्या केल्या. करंजीसारखी कडेला पाण्याचं बोट फिरवून दाबलं की पक्क्या बसतात. गरम दुधात पुडी दोन मिनिटांत उलगडली, तळाशी मात्र तंतू राहिले. पेक्टिन विरघळतं, सालीचा चोथा विरघळत नाही. पुढच्या वेळी दुहेरी मलमल.

तेल ही फिल्म छान अडवते, दमट हवा नाही. फडताळावरची पुडी पावसाच्या चौथ्या दिवशी लिबलिबीत झाली, घट्ट झाकणाच्या डब्यातली खुटखुटीत आहे. आता गरम मिश्रणात थोडं मधमाश्यांचं मेण फेटून बघणार आहे. कोणी केलं असेल तर प्रमाण सांगा, साली संपत आल्यात.