मामा, किपर आणि पावणेचारचा सूर्यास्त

डिसेंबरात इंग्लंडच्या ईशान्येला, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर मामाला चालायला न्यायचं म्हटल्यावर नवऱ्यानं मला वेड्यात काढलं. मामा हर्णैचा, वय एकाहत्तर. थंडी म्हणजे त्याच्या लेखी अठरा अंश. पण न्यूकॅसलच्या घरात चार दिवस बसून तो इतका विटला होता की माकडटोपी चढवून तोच आधी दारात उभा.

क्रास्टरला पोचलो तेव्हा साडेअकरा. गाव एवढंसं. चिमुकलं बंदर, दगडी घरं आणि सगळ्यांवर पसरलेला धुराचा खमंग वास. मामा नाक वर करून त्या वासामागे निघाला, तो थेट रॉबसनच्या स्मोकहाऊसपाशी. 1856 पासूनच्या या धुराच्या कोठारात हेरिंग मासा मिठाच्या पाण्यात मुरवून ओकच्या भुशाच्या धुरात सोळा-सोळा तास टांगतात. तोच इथला किपर. हेरिंग मात्र आता बाहेरून, नॉर्वेकडून येतं. मामाला ते ऐकून आश्चर्य वाटलं नाही. किपर हातात उलटापालटा करत तो म्हणाला, "अगो, हा पोटातून नाही, पाठीतून चिरलाय. पोटाची चरबी शाबूत. हुशार आहेत हो!" दोन जोड्या घेतल्या. पिशवी माझ्या पाठीवर, वास दोघांच्या अंगाला.

बंदर 1906 मधलं. क्रास्टर घराण्यातला एक कॅप्टन 1904 च्या तिबेट मोहिमेत मारला गेला, त्याच्या स्मरणार्थ बांधलेलं. ती फौज हिंदुस्थानातूनच गेली होती, त्यामुळे मामाला त्यात आपला हात असल्यासारखं वाटलं. धक्क्याच्या टोकाला काँक्रीटचा एक ओंगळ ठोकळा आहे. खाणीतला दगड बोटीत ओतायच्या कोठ्या त्यावर असत. लंडनच्या रस्त्यांच्या कडांना इथला दगड लागला. मामानं तो दगड बुटानं ठोकून पाहिला. "हा तर आपला काळा कातळ!" अगदी चूक नव्हतं. हाही तप्त रस थिजूनच झालेला, फक्त जमिनीच्या पोटात, आणि सह्याद्रीच्या कितीतरी आधी.

मग जॉली फिशरमन. मामा दारू पीत नाही आणि पब म्हणजे गुत्ता ही त्याची पक्की समजूत. आत शेकोटीपाशी ओलं कुत्रं लोळत होतं, एक आजी लोकर विणत होत्या, दोन पोरं चिप्सवरून भांडत होती. मामानं चहा मागितला, मिळाला. मग खेकड्याचं सँडविच. "मसाला नाही, पण खेकडा ताजा आहे," हा निकाल. खिडकीखाली समुद्र आपटत होता, पाय उबेला आले होते, उठवेना. इथेच आमचं चुकलं. एक तास म्हणता दोन झाले.

डनस्टनबरो किल्ल्यापर्यंत गवतातून जेमतेम दोन किलोमीटर, मेंढ्यांच्या मधून. लँकेस्टरच्या थॉमस या उमरावानं 1313 मध्ये बांधायला घेतला, राजाशी वैर पत्करलं आणि 1322 मध्ये त्याचं मुंडकं उडालं. आता दरवाजाचे दोन मोडके बुरूज आभाळात घुसलेले दिसतात. लांबून पाहण्यातच खरी मजा आहे. "आपला सुवर्णदुर्ग बरा, तटबंदी तरी उभी आहे," एवढं बोलून मामा पुढे.

पुढची एम्बलटनची पुळण मात्र विसरणार नाही. ओहोटी होती, वाळू कडक, वारा पाठीशी. तीन वाजून गेले आणि उजेड कुणी वात खाली केल्यासारखा उतरू लागला. इथे या दिवसांत पावणेचारच्या आतच सूर्य बुडतो, हे मला माहीत होतं. तरी मी पबमध्ये बसून राहिले. लो न्यूटनला पोचेस्तोवर पायाखालचं दिसेना. मामा अवाक्षर बोलला नाही, फक्त माझी बाही धरून चालत राहिला.

लो न्यूटन म्हणजे कोळ्यांच्या पांढऱ्या घरांचा चौक, तीन बाजूंनी बंद, चौथी समुद्राकडे उघडी. कोपऱ्यातल्या शिप इनच्या खिडकीत दिवा दिसला तेव्हा मामानं बाही सोडली. इथे बिअर स्वतःची बनवतात. मी अर्धा पाइंट घेतला, मामानं पुन्हा चहा. टॅक्सीवाल्यानं गाडीत बसताच, काही न बोलता, चारी काचा खाली केल्या.

दुसऱ्या सकाळी मामानं किपर थेट गॅसवर भाजायला घेतला आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळू लागला. मी स्टुलावर चढून टॉवेल हलवतेय, आणि खालून मामा शांतपणे म्हणतोय, "सोळा तास धुरात होता, तेव्हा कोण ओरडलं होतं?"