तुम्ही विचारलंत म्हणून : कानापुढचा सांधा

माझा खालचा जबडा शस्त्रक्रियेने मागे घेतला आहे, हे कळल्यावर त्याच वाटेने निघालेले बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : हाड कापले जबड्याचे, मग दुखतो तो कानापुढचा सांधा कसा, आणि तो जागेवरून सरकला तर नसेल ना?

सांध्याला सुरी लागत नाही, हे खरे. १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेसर या सर्जनांनी मांडलेल्या आणि पुढे सुधारत गेलेल्या पद्धतीत दाढांमागच्या हाडाचे जाडीतून दोन पदर केले जातात. आतला पदर दातांसह सरकतो, तर बाहेरचा सांध्याच्या गोळ्याशी, म्हणजे जबड्याच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाशी, जोडलेलाच राहतो, आणि मग टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रू लावून दोन्ही पुन्हा एक केले जातात. खरी मेख इथेच आहे. रुग्ण उताणा झोपलेला, स्नायू औषधाने सैल पडलेले आणि दात एकमेकांना बांधलेले असताना तो गोळा खोबणीत नीट बसवण्याचे काम सर्जनच्या हाताला करावे लागते. तो किंचित खाली राहिला, तर बांधलेले दात सोडताच स्नायू त्याला वर ओढतात आणि दातांची जुळणी बिघडते. म्हणूनच टाके घालण्यापूर्वी दात सोडून जबडा मिटवून पाहतात.

माझ्या संमतिपत्रात ओठाच्या बधिरतेवर परिच्छेदभर मजकूर होता, सांध्यावर जेमतेम एक ओळ. याचा राग मला अजून आहे. पूर्वी तोंडात तीन बोटे उभी मावत, ती नंतर एकावर आली, आणि उजव्या कानापुढे ठणका लागला. तक्रार सांध्याची असूनही डॉक्टरांनी आधी दात मिटवायला लावले. दात ठरल्या जागी जुळत होते, एक्स-रेमध्येही काही वावगे नव्हते, तेव्हा दुखणे सूज आणि आखडलेल्या स्नायूंचे ठरले. आरशासमोर हनुवटी एका बाजूला जाऊ न देता तोंड उघडण्याचा व्यायाम मी कंटाळत केला, आणि चौथ्या महिन्यात भाकरी चावली.

ठणक्यापेक्षा जुळणीतल्या बदलाकडे लक्ष ठेवावे, असे मी सांगतो. काही महिन्यांनी पुढचे दात मिटेनासे झाले किंवा हनुवटी मागे जाऊ लागली, तर गोळ्याचे हाड झिजत असण्याची शक्यता असते. असे क्वचित घडते, बहुधा तरुण स्त्रियांमध्ये; पण तेव्हा व्यायाम वाढवत न बसता सर्जनला गाठावे.

उजवीकडे 'कट्' असा आवाज मात्र आजही येतो. तो दुखत नाही, म्हणून डॉक्टर त्याला हात लावत नाहीत, आणि मीही लावू देणार नाही.