मेयो कुठलं, इंदिरा गांधी कुठलं?

नागपूरच्या सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या सरकारी दवाखान्याचं कागदोपत्री नाव आहे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. ऑटोत बसणारा मात्र म्हणतो, "भाऊ, मेयो." लॉर्ड मेयो 1869 ते 1872 या काळात व्हाइसरॉय होता, हे त्याच्या गावीही नसतं. त्यामुळे लोकांना इंग्रजांचं नाव सुटत नाही, ही ओरड मला पटत नाही. दोन अक्षरांत काम भागतं आणि दुसरं सरकारी रुग्णालय 'मेडिकल', म्हणून हे 'मेयो'. एवढंच.

खरी पंचाईत पुढे आहे. महापालिकेचं इंदिरा गांधी रुग्णालय गांधीनगरात, म्हणजे शहराच्या पश्चिमेला. मेयो रेल्वे स्टेशनच्या पूर्वेला. खेड्यातून रेफर केलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर नुसतं 'इंदिरा गांधी, नागपूर' असलं, तर नातेवाईक भलत्याच टोकाला पोचू शकतात, आणि रात्री-अपरात्री असा घोळ जिवावर बेतू शकतो. चिठ्ठीवर 'मेयो, सेंट्रल ॲव्हेन्यू' लिहावंच. रस्त्यावरच्या दिशाफलकांवरही नव्या नावाखाली 'मेयो' हवं. त्याने कुणाचाही मान कमी होत नाही.

विद्यापीठाच्या बाबतीत असा गोंधळ होत नाही. 2005 मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव जोडलं, पण शेवटी 'नागपूर विद्यापीठ' तसंच ठेवलं. लोकांची सवय मोडली नाही. त्याआधीची पदवी असेल तर फॉर्ममध्ये तिच्यावर छापलेलं नाव जसंच्या तसं लिहा आणि आजचं नाव पुढे जोडा. नुसतं नवं लिहिलं, तर कागदपत्रांच्या पडताळणीत नाव जुळत नाही.

सवय ही एक गोष्ट झाली, मानाचा प्रश्न अगदी वेगळा. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 1978 साली झाला; नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधल्या काळात दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली. नागपुरातच इंदोऱ्याला नामांतर शहीद स्मारक आहे. त्याच्यासमोर उभं राहून 'नावात काय ठेवलंय' असं म्हणवत नाही.

गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाला 2021 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिलं, तेव्हा आदिवासी संघटनांनी गोंडवानाचं नाव मागितलं होतं. नागपूर शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाहने. अशा मागणीला 'लोक काय, दोन दिवसांत विसरतात' म्हणून मेयोच्या मापाने मोजणं अन्याय आहे. ती ऐकायची तर प्रस्ताव मंत्रालयात जाण्याआधी, फलक रंगवून झाल्यावर नाही.