मागचा बाक

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला मी मागच्या बाकावर बसतो. सुरुवातीला कारण साधंच होतं, उशीर व्हायचा. पुढे वेळेवर पोहोचू लागलो तरी जागा तीच राहिली आणि केव्हातरी तिला शास्त्राचा आधारही सापडला. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशू एका परूश्याकडे, म्हणजे कर्मठ यहुदी पंथातल्या माणसाकडे, जेवायला गेलाय. पाहुण्यांची मानाच्या जागांसाठी चाललेली लगबग बघून तो सांगतो, आमंत्रण आलं तर शेवटच्या जागेवर बसा, म्हणजे यजमानच येऊन तुम्हाला वर बसायला सांगेल.

माझी गोची झाली ती इथे. बसतो मागे, पण कान पुढे. पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ‘अहो, पुढे या ना’ म्हणावं, मी हात जोडून ‘इथेच बरं आहे’ म्हणावं आणि चार जणांनी ते पाहावं, एवढीच माफक अपेक्षा. एका रविवारी त्यांनी खरंच हाक मारली. माझ्या शेजारच्याला. त्या दिवशीचा संदेश कशावर होता, ते मला आठवत नाही.

पाचव्या शतकात जॉन कॅसियन नावाच्या मठवासीयाने लिहून ठेवलंय की जुनेजाणते साधू या पोकळ डौलाला कांद्याची उपमा देत. एक पापुद्रा काढा, खाली दुसरा. कपड्यांचा थाट सोडला की साधेपणा मिरवता येतो. चारचौघांत लांबलचक प्रार्थना करणं सोडलं की आपल्या मौनाचा रुबाब वाटू लागतो. उपासाचं तर विचारूच नका. मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलंय, उपास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, कुणाला कळू देऊ नका. मी तेल लावलं, तोंड धुतलं. दुपारी कुणीतरी खायला पुढे केलं तेव्हा मात्र ‘नको, आज जरा...’ एवढंच म्हणून थांबलो. पुढचं वाक्य समोरच्याने पूर्ण केलं. मी कुठे काय बोललो?

संत बेनेडिक्टने आपल्या मठाच्या नियमावलीत नम्रतेच्या 12 पायऱ्या सांगितल्या आहेत. दहावी आहे पटकन न हसण्याची. हे मला काही जमायचं नाही, आणि खरं सांगायचं तर पटतही नाही. स्वतःला हसता येणं हा गर्वावरचा बरा उतारा असावा. बायबलमधल्या गणनाच्या पुस्तकात संदेष्टा मोशे पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा नम्र होता असं म्हटलंय, आणि परंपरेप्रमाणे ते पुस्तक मोशेनेच लिहिलेलं! विद्वान त्यावर काय म्हणायचं ते म्हणोत, मला ते वाक्य वाचून दर वेळी हसू येतं.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्र ठाम नाही म्हणाला. वर्षानुवर्षं मला ती त्याची लीनता वाटायची. मग मी आजारी पडलो. चर्चच्या मंडळीतले लोक घरी येऊन भांडी घासू लागले, कपडे वाळत घालू लागले. मी अंथरुणातून ‘राहू द्या हो, कशाला त्रास’ म्हणत होतो. तोंडाने संकोच, आतून चरफड. दुसऱ्यांची भांडी घासायला मी एका पायावर तयार असायचो. आपली खरकटी भांडी दुसऱ्याने बघणं सोसत नव्हतं.

परवाच्या रविवारी शेजारी एक आजी बसल्या होत्या. चष्मा घरी राहिलेला. “गाणं काढून दे रे,” म्हणाल्या, “आणि जरा मोठ्याने म्हण, म्हणजे मला धरता येईल.” मग मी ओळ म्हणायचो, त्या अर्धी पकडायच्या, चुकायच्या, मी पुन्हा म्हणायचो. पुढे कोण बसलंय, पाळक कुणाकडे बघतायत, कशाचंच भान नव्हतं. चार कडवी अशी गेली.

पाचव्या कडव्याला माझ्या लक्षात आलं की मला भान नव्हतं, आणि छातीत कसं प्रसन्न वाटलं. तेवढ्यात आजींनी कोपराने ढोसलं. मी ओळ चुकलो होतो.