हिमरूची बंडी, महिना सातवा: चूक मुंढ्यात होती, भात्यात नव्हती

तर बंडी अंगावर चढलीय. काज-बटणं बाकी आहेत, डाव्या बाहीची आतली तुरपाई अर्धीच झालीय, पण चढलीय, आणि ती घालून मी मांडी घालून पेटीवर बसले आणि चंद्रकंस रागाचा लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला परत परत वाजवायची सोळा मात्रांची धून, सलग वीस मिनिटं धरला, एकदाही सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सुटली नाही. मागच्या वेळी ज्या जागी अडकले होते, म्हणजे बंडीचा कच्चा नमुना घालून वाजवलं की पेटीची हवा मध्येच तुटायची, ते कसं सुटलं हे नीट लिहिते, कारण मी दोन महिने चुकीच्या जागी शोधायले होते आणि तुमच्यातल्या कुणाचे तरी दोन महिने वाचावेत असं मनापासून वाटतंय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. मी संभाजीनगरात राहते, शेंद्र्याला नोकरी, संध्याकाळी पेटी, रविवारी शिवण, आणि कुठं गाणंबजावणं असलं की ऐकायला जायचं. बैठकीत तीन-तीन तास जमिनीवर बसता येईल, स्वतः वाजवायला बसले तर हात अडणार नाही आणि कापड आपल्या गावचं असेल असं एक तरी वस्त्र स्वतःच्या हातानं शिवायचं एवढीच इच्छा होती. आपल्या गावचं म्हटलं की हिमरू. १३२७ ला तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हा विणकरपण सोबत आले असं इथं सगळेच सांगतात, आणि नाव फारसीतल्या हम-रू वरनं, म्हणजे सारखं दिसणारं, किमखाबासारखं दिसणारं पण जरीचं नाही, ताणा सुती आणि नक्षीचा बाणा रेशमी. चार महिने पैसे बाजूला टाकून अडीच मीटर घेतलं, गडद जांभळ्यावर मोतिया बुट्टी. एवढंच आहे, चुकलं तर दुसरं नाही, म्हणून आधी सगळं मांजरपाटावर, म्हणजे साध्या सुती कापडाचे कच्चे नमुने शिवून.

आता मुद्द्याचं. पहिला मांजरपाट गळ्यात चुकला, तो सोडा. दुसऱ्यात आरशासमोर उभं राहून सगळं मस्त दिसायलं होतं, खांदा बरोबर, उंची बरोबर, मी लै खुश. आणि तो घालून पेटीवर बसले तर अकराव्या-बाराव्या मात्रेला हवा तुटायची. दर आवर्तनात नाही, पण तीन-चार आवर्तनांतून एकदा नक्की, सूर मध्येच दबायचा आणि परत फुगायचा, आणि लेहऱ्यात तसं झालं की तबलेवाल्याचा जीव जातो कारण त्याचा सगळा कायदा, म्हणजे बोलांचा विस्तार, त्या सोळा मात्रांच्या भरवशावर उभा असतो. माझा तबलेवाला मित्र काही बोलायचा नाही, नुसता थांबायचा. मला वाटलं पेटीचा भाता गळायलाय. माझी पेटी जुनी, बेचाळीस पट्ट्यांची, म्हणजे साडेतीन सप्तकं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडं हवा इतकी कोरडी होते की लाकडाचं काही सांगता येत नाही. दुरुस्तीवाल्यांकडं नेली, त्यांनी भाता भरला, एक पट्टी दाबून धरली, कान लावून ऐकलं आणि म्हणाले ताई काही झालेलं नाही. परत आणली. साध्या कुर्त्यावर वाजवली तर खरंच काही नाही. मांजरपाट घातला की परत तेच.

तेव्हा कुठं लक्षात आलं की डावा हात भाता दाबायला पुढं जातो तेव्हा बाही काखेत धरायलीय, तो ओढा खांद्यापर्यंत जायलाय आणि हात पूर्ण जायच्या आधीच मी नकळत मागं घ्यायलेय. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं तर हे दिसणारच नाही.

मग मी ते केलं जे कुणीही करेल, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, खोल केला. घट्ट होतंय ना, मग मोठा कर. दीड इंच खाली नेला, आणि आणखीनच वाईट झालं! आता हात पुढं केला की अख्खी बंडी डाव्या बाजूनं वर यायची, गळा तिरका, खालची कड पोटावर. तिथं मी एक आठवडा काहीच केलं नाही. पेटीवर नुसते सरावाचे अलंकार वाजवले.

मध्येच चुलत बहिणीचं लग्न निघालं, अंबडजवळच्या खेड्यात, आणि रात्री गोंधळ. मी गोंधळ लहानपणापासून बघतेय पण यावेळी संबळाच्या अगदी शेजारी जागा मिळाली, हातभर अंतरावर. दोन तोंडं, हातात काड्या, एकीचं टोक वाकडं, आणि ती वाकडी काडी ज्या तोंडावर पडते त्याचा आवाज कानात नाही, छातीत येतो, शेजारी तुणतुण्याची तार एकाच सुरावर, दिवटीचा उजेड, कवड्यांच्या माळा हलायल्यात, आणि दोनेक तास झाले तरी संबळवाल्या काकांचा हात उतरत नाही. मी हात बघायले होते आणि मग माझी नजर त्यांच्या काखेत गेली. झग्याला बाहीच्या खाली बगलेत वेगळ्या रंगाचा चौकोनी तुकडा जोडलेला होता, पतंगासारखा उभा. हात वर गेला की तो पतंग उघडायचा, हात खाली आला की मिटायचा, आणि कमरेचा पट्टा जागचा हलायचा नाही. मला त्या गर्दीत ओरडावं वाटलं. गोंधळ संपल्यावर काकांना विचारलं तर म्हणाले, पोरी, हे आमच्या बापाच्या झग्यालापण व्हतं, त्याच्याशिवाय संबळ वाजवूच येत नाही.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर थेट शहागंजात, मी ज्यांच्याकडं कधीमधी शिकायला जाते त्या मास्तरांकडं. वय झालंय, आता नवीन कामं घेत नाहीत, पण मांजरपाट बघितल्या बघितल्या म्हणाले, "बेटा, मुंढा खोल करे तो बाही पूरी बंडी को उठाती. ऊपर ले मुंढा. और बगल में चौबगला डाल." एवढंच. मग खडूनं रेघ मारून दाखवली. हात जिथून फिरतो तिथंच, काखेच्या जवळच मुंढा पाहिजे, म्हणजे हात एकटा फिरतो. मुंढा खाली गेला की बाही शरीराला खाली कुठंतरी जोडली जाते आणि हात उचलला की सगळं कापड सोबत उचललं जातं. वर घेतलेल्या मुंढ्यात जी जागा कमी पडते ती चौबगला, म्हणजे काकांच्या झग्यात होता तसला बगलेतला चौकोनी तुकडा, देतो. तीन इंचाचा चौकोन पुरला मला. तो पतंगासारखा बसतो म्हणून ओढा त्याच्या कर्णावर, म्हणजे तिरक्या रेघेवर, येतो, आणि कापड कर्णावर ताणलं जातं हे तर आपल्या सगळ्यांना माहिती आहे, पण हे दोन्ही मी कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

चौथा मांजरपाट. मुंढा आधीच्या मूळ रेघेपेक्षा अर्धा इंच वर, चौबगला, कमरेपासून खाली दोन्ही बाजूला कट, कारण मांडी घातली की पुढचा भाग मांडीवर गोळा होतो आणि भात्याच्या हाताला लागतो. पेटीवर बसले. हवा तुटली नाही.

हिमरू कापायच्या दिवशी पाण्याचा दिवस होता, सकाळी नळ आला, सगळी भांडी भरून झाल्यावर फरशी कोरडी पुसून मगच कापड अंथरलं. कुणी हिमरू घेणार असाल तर आधी उलटं करून बघा, मागं नक्षीचे धागे सुटे पळत असतात, म्हणून हे कापड कापलं की कडा लगेच उसवायला लागतात आणि अस्तराशिवाय घालूच नये, बोट अडकलं तरी धागा ओढला जातो. मी माया, म्हणजे शिवणीबाहेरची जास्तीची कड, एक इंच ठेवली, जिथं एरवी अर्धा इंच ठेवते, आणि कापायच्या आधी रेघेच्या बाजूनं पातळ फ्यूजिंग, म्हणजे चिकटणारं अस्तर, इस्त्रीनं चिकटवलं, त्यानं फार फरक पडला. चौबगल्याचे चार कोपरे मात्र मशीनवर जमले नाहीत, तीनदा टीप उसवली, शेवटी धावदोरा घालून हातानंच केले आणि प्रत्येक कोपऱ्याला रात्र गेली. अस्तर अंगाला सुती, बाहीला गुळगुळीत. समोरच्या बुट्ट्या डावी-उजवी जुळवायला पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी पडत होता, तर डाव्या बाजूला अर्धी बुट्टी खांद्याच्या शिवणीत गेलीय. मला ते रोज दिसणार आहे, पण कापड जोडून जुळवण्यापेक्षा हे बरं वाटलं.

पेटीचं सांगायचं तर लेहरा आता मिनिटाला ऐंशी मात्रांवरून एकशे दहापर्यंत स्वच्छ जातो, पुढं शुद्ध निषादावरून वरच्या सा ला येताना बोट घाई करतं. एकशे वीसला अजून वेळ आहे. आणि हाताला आराम म्हणून मध्ये भूप राग वाजवायला घेतला, काळी तीनमध्ये, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीवर सा धरून, तर सगळे पाचही सूर काळ्या पट्ट्यांवरच पडतात! सा रे ग प ध, पांढरीला बोट लावायचंच नाही. मी काळी एकमध्येच वाजवायचे, तिथं एक गंधार पांढऱ्या चारवर येतो. ज्यांना पट्ट्यांच्या उंचसखलपणाची सवय नाही त्यांनी आठवडाभर हे करून बघा, मनगट कुठं असायला पाहिजे ते आपोआप कळतं.

आता काजं. सात पाहिजेत, हातानंच करणार, मास्तर म्हणालेत आधी चिंधीवर पन्नास कर. अठरा झालीत, त्यातली शेवटची तीन बऱ्यापैकी सारखी आलीत. सोनेरी महालासमोर वेरूळ-अजिंठा महोत्सव असतो तेव्हा उघड्यावर संध्याकाळी चांगलीच थंडी पडते, तोपर्यंत सातही व्हायला पाहिजेत. मित्रानं शनिवारी तबला घेऊन यायचं कबूल केलंय, एकशे दहाला.